मालक केबिनमध्ये नाहीत

माझी धाकटी जाऊ घरात आली त्याच आठवड्यात मला कळलं, की हिच्यासमोर नवा पडदा लावायचा नाही. मी हौसेनं जाड, गर्द रंगाचं कापड आणून बाहेरच्या खोलीला पडदा शिवला होता. येईल त्याला दाखवत होते आणि येईल तो वा वा म्हणत होता. हिला विचारलं, "कसा दिसतो गं?" हिनं नीट पाहिलं. मग म्हणाली, "कापड छान आहे वहिनी. पण खोलीत अंधार झालाय." मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पडदा काढला, कारण खोलीत खरंच अंधार झाला होता. त्यामुळे तर मला जास्तच राग आला.

आम्ही दोघी एकाच चर्चच्या मंडळीतल्या, एकाच पाळकांची प्रवचनं ऐकणाऱ्या. पण मी आपली रविवारची ख्रिस्ती, आणि ही सोमवार ते शनिवारसुद्धा. जगात राहायचं, पण जगाची चाल उचलायची नाही, असं पाळक सांगायचे. मी मान डोलवायचे आणि घरी येऊन शेजारणीला सांगायचे, साखर संपलीय हो. तेवढ्यात आतून हिचा आवाज यायचा, "वहिनी, वरच्या डब्यात आहे की." शेजारीण साखर घेऊन जायची, वर हसून जायची. कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार.

माझा दीर आजारी पडला तेव्हा मात्र मला तिची ती सवय पहिल्यांदा वेगळी दिसली. घरात येणारा प्रत्येक जण त्याला म्हणत होता, बरा होशील, आठ दिवसांत उठून बसशील. मीही म्हणत होते. तो ऐकून घ्यायचा. एका दुपारी त्यानं हिला विचारलं, "मी बरा होईन का गं?" मी दारात औषधाचा पेला घेऊन उभी होते. ही म्हणाली, "डॉक्टर नाही म्हणतात. पण मी इथेच बसणारे." आणि बसली. पार शेवटपर्यंत त्या खाटेजवळच्या स्टुलावरून हलली नाही. तिनं सांगितल्यावर दीर रडला, पण त्यानंतर त्याचा चेहरा निवला. आमच्या गोड बोलण्यानं तो कधी निवला नव्हता.

तो गेल्यावर ती माहेरी जाऊ शकली असती. राहिली इथेच. खरं सांगायचं तर ती गेलेली मलाही चालली नसती. दिवसभर भांडायला मला दुसरं होतंच कोण.

आमचं पोट लाँड्रीवर. कोपऱ्यावरची कपडे इस्त्री करणारी नव्हे, मोठी लाँड्री, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल धुणारी. आमचे हे गाडी चालवायचे, मळके गठ्ठे आणायचे आणि धुतलेले पोचवायचे. मी घडी घालायच्या टेबलावर. लाँड्रीचे मालक आमच्या मंडळीतले वडीलजन, चर्चचा कारभार बघणारे, पहिल्या बाकावर बसणारे. दीर गेल्यावर त्यांनी आपण होऊन धाकटीला काउंटरवर घेतलं. म्हणजे घरातले तिन्ही पगार एकाच दारातून यायला लागले. आम्ही मालकांचे उपकार मानत होतो आणि उपकार होतेच, ते मी आजही नाकारणार नाही.

काउंटरचं काम म्हणजे खोटं बोलायचं काम, हे कुठल्याही लाँड्रीत विचारा. हॉटेलवाल्याचा फोन आला की सांगायचं, गाडी निघालीय, पोचेलच आता. चादरी अजून ओल्या असल्या तरी गाडी निघालेली असते. धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाही, अजून धुणंच चालू आहे. संध्याकाळ होईल." हॉटेलवाला मालकांवर उखडला, मालक हिच्यावर. पण पुढे झालं काय, की हिनं संध्याकाळ म्हटलं की गाडी संध्याकाळी यायचीच. हॉटेलवाले फोन करून म्हणायला लागले, दुसरं कोणी नको, त्या बाईंना द्या. मालकांच्या ध्यानात आलं, की खरं बोलण्यालाही गिऱ्हाईक असतं. मग ते चार लोकांत तिचं कौतुक करायला लागले.

तिला काटाताई हे नाव पाडलं रोलरवाल्यानं. रोलर म्हणजे आमच्याकडचं इस्त्रीचं यंत्र, दोन तापलेली लाटणी, चांगली माणसाच्या लांबीची. एकीकडून ओलसर चादर घालायची, पलीकडून कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. त्यावर काम करणारा म्हणून तो रोलरवाला. आमच्या मंडळीतला नव्हता. देवाचं त्याला वावडं नव्हतं, पण चर्चची पायरी कधी चढला नव्हता. स्वभावानं थट्टेखोर. तराजूच्या काट्यासारखी आहे बाई, म्हणायचा, तसूभरही इकडेतिकडे होत नाही. जेवणाच्या सुट्टीत हिला विचारायचा, "काटाताई, मी बारीक झालोय ना?" ही त्याच्याकडे बघून म्हणायची, "नाही, वाढलाय." आणि तोच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. बायकोशी पैज लागली तरी न्यायनिवाडा काटाताईकडे. त्याच्या घरी हिच्या शब्दाला जो मान होता, तो आमच्या घरीही नव्हता.

आता मालकांचं सांगते. माणूस वाईट नव्हे. दवाखान्याच्या फाटक्या चादरी गरिबांना वाटायचा, आजाऱ्याला भेटायला जायचा. पण एक खोड होती, नको ते ऐकायचं नाही. कामगार काही गाऱ्हाणं घेऊन आला, वसुलीवाला आला, की मालक नाहीत असं सांगायचं. पूर्वीची काउंटरवाली पोपटासारखं सांगायची. धाकटी म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्ही आत आहात." मालकांनी समजावलं, रागावून पाहिलं. ही काही केल्या बधेना. मग मालकांनी तोडगा काढला. त्यांच्या केबिनला मागे एक दार आहे, ते बाहेरच्या लोखंडी जिन्यावर उघडतं. ठरलं असं, की नको असलेला माणूस आला की हिनं टेबलाखालची बेल दाबायची. मालक चहाचा कप उचलून मागच्या जिन्यावर जाऊन उभे राहणार. मग हिनं सांगायचं, मालक केबिनमध्ये नाहीत. शब्दाला धक्का नाही आणि कामही झालं.

आणि हिला त्याचं काय वाटावं? आनंद. बुधवारच्या प्रार्थनासभेत उठून तिनं साक्ष दिली, की प्रभूनं मालकांच्या मनात माझ्या विवेकाबद्दल आदर घातला, माझ्याकडून खोटं वदवू नये म्हणून ते स्वतः उठून बाहेर जातात. लोकांनी देवाची स्तुती केली. पाळकांनी मालकांची पाठ थोपटली, की बघा, धंद्यातही वेगळेपण कसं जपावं. मालक खाली मान घालून बसले होते, नम्रपणानं. मला मागच्या बाकावर हसू आवरेना.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, माणूस दाराच्या अलीकडे असला काय नि पलीकडे असला काय, आहे तो आहेच की."

"मी बोलते ते खरं असतं वहिनी," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली. जरा जोरातच घासत होती.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. चादर घालताना हात फार पुढे गेला की त्या दांडीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. रोलरवाल्याचा जीव त्या दांडीवर. ती दांडी सैल झाली होती. कधी थांबवायची, कधी नाही. त्यानं मुकादमाला सांगितलं, मुकादम म्हणाला मालकांना विचार. दुरुस्तीला रोलर बंद ठेवायला लागणार होता आणि हॉटेलं तर पाहुण्यांनी भरलेली, चादरींचे डोंगर पडलेले. मालकांना हे कोणीतरी सांगायला येणार याचा वास लागला असावा.

त्या दुपारी रोलरवाल्यानं हात पुसले आणि आमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आज मालकांना गाठल्याशिवाय हलत नाही. बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसतो. येतील की कधीतरी." तो हट्टी होता, बसलाच असता. पण थोड्याच वेळात परत आला.

"भेटले?" मी विचारलं.

"नाहीत. काटाताईनं सांगितलं." आणि चादर उचलून कामाला लागला. माझ्या हाताखाली अभ्र्यांचा ढीग होता आणि मालक खरोखरचेही पुष्कळदा बाहेर असायचे. मी घड्या घालत राहिले.

रोलरचा आवाज आम्हाला सवयीनं ऐकूच येत नाही, पण तो बदलला की लगेच कळतं. तो बदलला. मग रोलरवाल्याचा आवाज आला. मी पाहिलं तेव्हा मुकादम भिंतीवरचा खटका ओढत होता आणि रोलरवाला यंत्राला टेकून उभा होता, जणू त्याला कोणी धरून ठेवलं होतं. पुढचं मी सांगत नाही. उजवा हात होता. धाकटी काउंटरवरून धावत आली आणि ओल्या चादरी आणून तिनं तो गुंडाळला. आमच्या ह्यांनी गठ्ठे खाली फेकून त्याला गाडीत घातलं.

दवाखान्यात आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या खाटेवरची चादर आमच्याच लाँड्रीत धुतलेली होती, मी कडेची शिवण बघूनच ओळखली. रोलरवाला औषधाच्या गुंगीत होता. त्याची बायको उशाशी बसलेली. तिनं धाकटीचा हात धरला आणि रडत रडत म्हणाली, "ताई, तुमचा काही दोष नाही हो. तो मला म्हणाला, काटाताई म्हणाली मालक नाहीत, म्हणजे नाहीतच. नाहीतर त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, दुसरं कोणी सांगितलं असतं तर बसून राहिला असता, सगळीकडे शोधून आला असता."

ती बिचारी हिची समजूत घालत होती. धाकटीनं हात सोडवून घेतला नाही, पण तिचा चेहरा बघून मला वाटलं आता ही इथेच पडते.

घरी आल्यावर ती चपलासुद्धा न काढता भिंतीशी बसली. मग म्हणाली, "ते जिन्यावर होते."

"कोण?"

"मालक. मी बेल दाबली, ते कप घेऊन जिन्यावर गेले. मागचं दार उघडं होतं, माझ्या खुर्चीवरून मला त्यांचा खांदा दिसत होता. आणि मी त्याला सांगितलं, केबिनमध्ये नाहीत."

खरं म्हणजे मला तिचा संताप आला होता आणि कीवही. मी म्हटलं, "मग तुला तेव्हा काय वाटलं?"

"काही नाही वाटलं," ती म्हणाली. "तेच तर. मला काहीच वाटलं नाही वहिनी. माझं वाक्य खरं आहे ना, तेवढंच मी बघितलं." त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. प्रार्थनेला गुडघे टेकायची आणि काही न बोलता तशीच उठायची.

रोलरवाल्याचा हात वाचला नाही, पंजा गेला. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा मालकांनी सांगितलं, दांडी सैल आहे हे मला कोणी कळवलंच नव्हतं, त्यानंच काम भराभर उरकावं म्हणून ती बांधून ठेवली असेल. मुकादमानं आपली नोकरी बघून त्यांच्या होला हो केलं. कामगारांच्या बाजूनं कोणी ओरडा केला असेल, सरकारी तपासनीस चौकशीला येणार असं ठरलं. रोलरवाल्याचं म्हणणं खरं ठरलं तर त्याला जन्मभर काहीतरी मिळणार होतं. नाहीतर निष्काळजी म्हणून एक हात आणि रिकामं घर. आणि तो मालकांना सांगायला गेला होता हे बघणारं एकच माणूस होतं, आमची काटाताई.

मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, घरातली मोठी म्हणून. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "खोटं बोल असं मी तुला कधी म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. ते तुला विचारतील, तो मालकांना भेटला का? नाही भेटला. तेवढंच सांग. ते खरंच आहे." मग डोळे मिटून त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. मी एक डोळा उघडा ठेवून मागच्या दाराकडे बघत होते. धाकटी दोन्ही डोळे उघडे ठेवून मालकांकडे बघत होती.

संध्याकाळी पाळक घरी आले. ते खरोखर कळवळून बोलले. म्हणाले, मंडळीतल्या बंधूची तक्रार बाहेरच्यांपुढे नेणं हे आपल्याला शोभत नाही, आपण वेगळे केलेले लोक आहोत, आपलं आपल्यात मिटवू. मालक त्या माणसाला काहीतरी मदत करतीलच, मी शब्द टाकतो.

धाकटीनं त्यांना विचारलं, "तो आपल्यातला नाही म्हणून का पाळकसाहेब?"

पाळकांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "तसं नाही." चहा अर्धा ठेवून गेले.

आमचे हे तसे मितभाषी. पण त्या दिवशी बोलले. "हे बघ, मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. पण विचारलं तेवढंच सांग. आपण तिघं त्या दारात उभे आहोत, हे ध्यानात ठेव." ती म्हणाली, "हो दादा." आणि मी? मीही तेच म्हणाले. वर जास्तीचं बोलले, की तुझ्या खरेपणाची किंमत दरवेळी आम्हीच का मोजायची. साखरेपासून मोजत आलोय. ती हसली नाही.

चौकशी लाँड्रीतच झाली, माझ्याच घडीच्या टेबलावर. टेबलावरचे अभ्रे बाजूला सारून तपासनीस बसले, थकलेला, सर्दी झालेला माणूस. सारखं नाक पुसत होते. एका बाजूला मालक आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला बाकावर रोलरवाला, सदऱ्याची उजवी बाही पिनेनं वर अडकवलेली. शेजारी बायको. यंत्रं बंद होती, त्यामुळे कोणी खोकलं तरी छतापर्यंत ऐकू जात होतं. धाकटीला पुढे बोलावलं तेव्हा रोलरवाला जरा सावरून बसला. बायकोच्या कानात काहीतरी म्हणाला. मला ओठांवरून कळलं. काटाताई आहे, काळजी नको, असंच म्हणाला.

तपासनिसांनी विचारलं, "अपघात झाला त्या दिवशी हा मनुष्य मालकांना भेटला होता का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

मालकांनी श्वास सोडला. तपासनिसांनी लिहून घेतलं. "मालक केबिनमध्ये होते का?"

"नव्हते."

रोलरवाला हिच्याकडे बघत होता. त्याला ते पटत होतं. नव्हतेच मालक, असाच त्याचा चेहरा. तपासनीस म्हणाले, "ठीक आहे, बसा तुम्ही." आणि पुढचा कागद घेतला.

ती बसली नाही. मी तिच्या मागेच उभी होते. माझ्या मनात काय होतं ते सांगते, बस गं बाई, झालं ना, खरंच बोललीस ना, आता बस. आमच्या ह्यांनी जमिनीकडे बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या दोन्ही उत्तरांत खोट आहे. ती अशी लिहू नका."

"म्हणजे? भेटला होता?"

"नाही भेटला. मी भेटू दिलं नाही. मालक मागच्या जिन्यावर उभे होते. माझ्या बेलवरच ते तिथे गेले. मला ते दिसत होते. हा माणूस म्हणाला, दांडी थांबवत नाही, कोणाचा तरी हात जाईल, मालकांना सांगायचंय. मोठ्यानं म्हणाला. दार उघडं होतं. त्यांना ऐकू गेलं असेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मला जिन्यावरून कपबशीचा आवाज ऐकू येत होता. आणि मी ह्याला सांगितलं, मालक केबिनमध्ये नाहीत."

मालक उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट दुखावल्यासारखे म्हणाले, "पण ते खरं होतं. तू खोटं बोलली नाहीस. मी तुला कधीच खोटं बोलायला लावलं नाही."

"खोटंच बोलले मी," धाकटी म्हणाली. "रोज बोलत होते. दुसऱ्या बाईचं खोटं लोकांना कळलं तरी असतं. माझं कोणाला कळलं नाही, कारण ते माझं होतं."

तपासनीस नाक पुसायचं विसरून लिहीत होते. मी रोलरवाल्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूनं साक्ष झाली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या बाजूनं बोललं होतं. पण त्याच्या तोंडावर ते काही नव्हतं. तो धाकटीकडे असा बघत होता, की मला त्याच्याकडे बघवेना.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं. "ते तिथे आहेत हे?"

"हो," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. डाव्या हातानं बाकाची कड धरून उठला आणि बायकोला म्हणाला, चल. वकील, तपासनीस, कोणाकडे न बघता दोघं बाहेर गेली.

पुढे सगळं जसं व्हायचं तसंच झालं. रोलरवाल्याचं म्हणणं मान्य झालं. आम्हा तिघांना मालकांनी काढलं असं म्हणता येणार नाही, काम कमी झालंय असं सांगून घरी बसवलं. म्हणजे वाक्य तेही खरंच असेल. आमचे हे आता दुसऱ्याची गाडी बदलीवर चालवतात. पाळकांनी धाकटीला निरोप पाठवला, की काही दिवस मुलांचा रविवारचा वर्ग घेऊ नकोस, मनं शांत होऊ देत. पहिल्या बाकांवरचे लोक तिच्याशी बोलत नाहीत, कारण तिनं बंधूला बाहेरच्यांपुढे उभं केलं. मी पहिले आठ-दहा दिवस तिच्याशी इतकं वाईट बोलले, की ते लिहिण्यासारखं नाही. ती उलटून बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणायची, "खरं आहे वहिनी." मग माझाच राग ओसरला, किंवा थकला म्हणा. रविवारी ती आपणहून मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. मी सरकून जागा दिली.

परवा ती म्हणाली, "मला रोलरवाल्याकडे जायचंय." मी म्हटलं, कशाला, तोंड पोळून घ्यायला? तरी तिच्याबरोबर गेले. एकटीला कशी सोडणार. पिशवीत मी थोडी फळं घेतली, साखरेची पुडीही घेतली, का ते मलाही सांगता येणार नाही. त्यांचं घर एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर, दाराला तीन पायऱ्या. खिडकी उघडी होती, आत कोणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. धाकटीनं दार वाजवलं.

आतला आवाज थांबला. धाकटीनं आपण कोण ते सांगितलं.

थोड्या वेळानं रोलरवाल्याच्या बायकोचा आवाज आला, दाराच्या अगदी मागून, "घरात कोणी नाही."

मी धाकटीचा दंड धरला. "चल," मी म्हटलं. "मिळालं ना उत्तर? चल आता." मला राग आला होता, त्या बाईचा, हिचा, सगळ्यांचाच.

धाकटी दाराकडे बघत म्हणाली, "बरं. मी इथेच बसणारे." आणि वरच्या पायरीवर बसली, दाराला पाठ न टेकता, पदर गुडघ्यांवर ओढून. खिडकी कोणी लावून घेतली नाही. समोरच्या घरातली एक बाई कपडे वाळत घालता घालता आमच्याकडे बघायला लागली. मी पिशवी खाली ठेवली आणि धाकटीच्या शेजारी बसले.